जबालेचे उत्तर

मुलांच्या प्रश्नांची दोन टोके ठरलेली आहेत : मी कुठून आलो, आणि मेलेले माणूस कुठे जाते. आपल्या घरांतून पहिल्यास ‘दवाखान्यातून आणले’ असे उत्तर मिळते, दुसऱ्यास ‘देवाघरी’. मूल त्यापुढेही विचारू लागले तर हातावर खाऊ ठेवण्यात येतो. उपनिषदे ही संन्याशांचीच मिरास, असे समजणाऱ्या वाचकांस आमची विनंती आहे की, त्यांतील काही आख्याने त्यांनी आईबापांच्या नजरेने वाचून पाहावीत.

कठोपनिषदातील नचिकेता कुमार आहे. सर्वस्वदान करणारा बाप आटलेल्या, म्हाताऱ्या गाई देत आहे हे पाहून तो विचारतो, ‘मला कोणाला देणार?’ तिसऱ्या खेपेस बाप संतापून त्याला मृत्यूच्या हवाली करतो. त्रासलेल्या बापाच्या ‘मर जा’हून हे निराळे नाही. यम अधिक सभ्य. मरणानंतर काय, असे विचारताच तो हत्ती, घोडे, सोने, शतायुषी पुत्रपौत्र देऊ करतो. ही शिष्याची परीक्षा असे म्हणतात. आम्हांस तो राजेशाही खाऊच वाटतो. मात्र मुलगा बधत नाही असे दिसताच यम खरे उत्तर देतो, हे त्याच्या पदरी घातले पाहिजे.

छांदोग्यातील जबाला या दोघांहून थोर होय. सत्यकाम तिला आपले गोत्र विचारतो. ती सांगते : तरुणपणी पुष्कळ ठिकाणी सेवा करीत असता तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, मी जबाला, तू सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असेच सांग. पतिगृही अतिथिसेवेत गढल्यामुळे गोत्र विचारावयाचे राहिले, असा अर्थ शंकराचार्यांनी लावला आहे. अर्थ कोणताही घ्या, तिने खोटे गोत्र रचले नाही. तेच शब्द मुलाने हारिद्रुमत गौतमापुढे उच्चारले आणि सत्यापासून ढळला नाहीस म्हणून त्याने त्याला शिष्य केले. असे बोलणे ब्राह्मणालाच साधते, हे गौतमाचे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. सत्य त्याला वर्णाने नव्हे, आईने शिकविले.

लहानास सगळेच सांगावे काय, असा आक्षेप येईल. जबालेने तरी सगळे कुठे सांगितले? विचारले तेवढ्याचेच उत्तर दिले. उत्तराचे माप वयाप्रमाणे लहान करावे. त्यात भेसळ करू नये. आणि ठाऊकच नसेल तर? त्याच ग्रंथात प्रवाहण राजाच्या पाच प्रश्नांनी निरुत्तर झालेला श्वेतकेतू बापाकडे येतो. पहिलाच प्रश्न, येथून गेलेली माणसे कुठे जातात, हा. मलाही ठाऊक नाही, असे सांगून तो वृद्ध विद्वान स्वतः राजाकडे शिकावयास जातो.

आम्ही आयुष्यभर शिकविण्याचाच व्यवसाय केला. पण ‘ठाऊक नाही’ हे शब्द वर्गात उच्चारण्यापेक्षा घरच्या मुलापुढे उच्चारणे आम्हांस अधिक जड गेले. जबालेचे मोल आम्हांस कळले ते तेव्हा.