केडगावचे बायबल आणि आपली मराठी

दौंड तालुक्यातले केडगाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे एक स्थानक. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तिथे आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुष्काळात सापडलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका यांना रमाबाईंनी तिथे आसरा दिला, हेही आपण शाळेत वाचलेले असते. पण केडगाव हे मराठी ग्रंथव्यवहारातलेही एक महत्त्वाचे ठिकाण आहे, याची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते सदनाच्याच छापखान्यात छापले गेले आणि खिळे जुळवण्याचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात या ग्रंथाची चर्चा कशासाठी, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. ज्यांचा धर्मग्रंथ मराठीत अवतरला नाही, पण ज्यांची घरची आणि बाजारची भाषा मराठी आहे, अशा दोन समाजांपुढे एकच प्रश्न उभा आहे. आपल्या श्रद्धेविषयी मराठीत लिहायचे तर कुणाच्या शब्दांत लिहायचे?

रमाबाईंचे उत्तर कडक होते. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्या बाईंनी बायबलच्या मराठीतून संस्कृत वळण काढून टाकायचे ठरवले. प्रचलित भाषांतरातल्या अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, त्यामुळे मूळ आशय झाकला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे कारण सदनातल्या बायकांचे. १९०० च्या सुमारास केडगावात जवळजवळ दोन हजार जणी होत्या. मध्य प्रांतातून आलेल्या, गुजरातेतून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या. त्यांना कळेल अशी मराठी हवी होती. हे दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. पांडित्य अंगी असलेल्या माणसाने अडाणी वाचकासाठी ते बाजूला ठेवावे, हे मराठीत वारंवार घडलेले नाही.

तरीही एक ग्रंथ म्हणून पाहता हा प्रयत्न पुरता साधला असे म्हणता येत नाही. मुळाशी शब्दशः इमान आणि मराठीची चाल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे कठीण असते. रमाबाईंनी पहिलीला झुकते माप दिले. ज्या लेखणीने १८८९ मध्ये अमेरिकेचे प्रवासवृत्त इतक्या खेळकर मराठीत लिहिले, ती इथे हात बांधून चाललेली दिसते. मराठी चर्चमध्ये पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. केडगावचे बायबल आदराचे धनी झाले, पण सर्वांच्या वापरात आले नाही.

शब्दांच्या शुद्धीविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'मुक्ती' हा शब्द संस्कृत आणि त्यामागे हिंदू तत्त्वचिंतनाची मोठी परंपरा. पण आज केडगाव परिसरात 'मुक्ती' म्हटले की माणसाला रमाबाईंचे सदन आठवते. 'शारदा सदन', 'कृपा सदन' ही नावेही त्यांनीच ठेवलेली. म्हणजे संस्था उभारताना जे त्यांनी सहज केले, तेच ग्रंथ रचताना नाकारले. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो. जो त्यात राबतो त्याचाही तो होतो, हे त्यांच्याच कामाने सिद्ध केले आहे.

दुसरी वाट ख्रिस्ती लेखकांनीच काढली होती. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाले ते मिशनचे पत्र म्हणून. पण १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला तो त्याच पत्राने. तो निबंध आज दलित साहित्याच्या आरंभाचा मानला जातो. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यात धर्मप्रचार आहेच. पण विधवांचे दुःख त्यांनी मराठी माणसासमोर मांडले, म्हणून कादंबरीचा इतिहास त्यांना टाळू शकत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन हीच ख्रिस्तभक्तीची रूपे केली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'? तिथे धर्मांतर हा सबंध संसाराला हादरवणारा प्रसंग आहे, पण वाचणारा कुठल्याही धर्माचा असो, त्या घरात मुक्कामाला राहतो.

या पुस्तकांची आणि केडगावच्या बायबलची तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. धर्मग्रंथाच्या भाषांतराला मोकळीक कमी असते, हे खरेच. पण फरक केवळ मोकळिकीचा नाही. टिळकांपुढे वाचक म्हणून सारा महाराष्ट्र होता. केडगावच्या छापखान्यापुढे प्रामुख्याने सदन आणि मंडळी होती. ग्रंथ ज्याच्यासाठी छापला जातो, त्याच्याएवढीच त्याची वाढ होते.

आता आपल्याकडे पाहू. भीमा ओलांडली की श्रीगोंदा. तिथल्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' ओवीत लिहिला. ओवी दुसऱ्यांची म्हणून त्यांनी टाकली नाही आणि शेख हे नावही सोडले नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष होते महानुभाव आणि संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. आपले वेगळे व्यासपीठ आणि सर्वांचे व्यासपीठ, दोन्ही एका वर्षात. एकामुळे दुसऱ्याचे काही अडले नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता' चालवले, मराठी बायबलही केले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले.

नमाजला नमाजच म्हणावे. रोजा, जकात, दुआ यांना पर्याय शोधण्याची गरज नाही, कारण ते शब्द मराठी मुलखात शतकानुशतके रुळले आहेत. पण करुणा, भक्ती, कृपा हे शब्द कुणी दुसऱ्याने आधी वापरले म्हणून ते आपल्या लिखाणातून हाकलणे हा केडगावचाच कडकपणा होईल, आणि तोही रमाबाईंच्या विद्वत्तेशिवाय.

आज इस्लामविषयी मराठीत पुष्कळ पुस्तके छापली जातात. बरीचशी जलशाच्या दारात मांडली जातात आणि आपल्याच घरी परत येतात. त्यातली किती दौंडच्या, शिरूरच्या सार्वजनिक वाचनालयात सापडतील? किती पुस्तकांची मुद्रिते बिगरमुस्लिम मराठी वाचकाने छापण्यापूर्वी वाचली असतील? केडगावच्या बाया-मुलींनी एकेक खिळा उचलून हजारो पाने जुळवली. त्या कष्टांपुढे मान लवतेच. पण तेवढ्याच कष्टाने पुस्तक फाटकाबाहेरही न्यायचे असते, आणि ते काम आपल्या प्रकाशकांनी अद्याप मनावर घेतलेले नाही.