नेढे आणि 'नैसर्गिक कमान' : अमेरिकाविषयक मराठी प्रवासलेखनातील खडकांची भाषा

अमेरिकेतील शहरे, तेथील सुबत्ता आणि स्थायिक मराठी माणसे यांचे चित्रण मराठी प्रवासवर्णनात विपुल आढळते. त्या मानाने नैऋत्येकडील वाळवंट उशिरा आले. चाकांवरचे घरच म्हणावे अशी मोठी गाडी भाड्याने घेऊन युटा-ॲरिझोनात फिरणाऱ्या कुटुंबांचे लेख दिवाळी अंकांतून व मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून वाचावयास मिळतात. प्रस्तुत टिपणात या लेखांतील खडकांच्या वर्णनापुरताच विचार करावयाचा आहे.

या लेखांची घडण बहुधा ठरलेली असते. गाडीतील शेगडीवरचे पोहे, पाण्याची टाकी, मुक्कामाचे आरक्षण, मैलांचा हिशेब हे सारे तपशिलाने येते आणि ते वाचनीयही असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) लोकप्रिय केलेली घरगुती, मिश्कील निवेदनशैली येथे उपयोगी पडते. परंतु खडक समोर आला की ती थबकते आणि 'अवर्णनीय', 'निसर्गाची किमया', 'विधात्याचे शिल्प' अशी ठरीव शब्दयोजना सुरू होते.

युटातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात आरपार भोके पडलेल्या २,००० हून अधिक खडकरचनांची नोंद आहे. आपला लेखक त्यांना 'नैसर्गिक कमान' म्हणतो. कमान ही दगडावर दगड रचून उभी राहते. येथे तर वालुकाश्माच्या पातळ भिंतीतून पाणी व बर्फ यांच्या क्रियेने खडक निखळत गेला आहे. सह्याद्रीत अशा आरपार छिद्राला 'नेढे' म्हणतात. सुईच्या छिद्रासाठीचा हा शब्द रतनगडाच्या माथ्यावर आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर डोंगराला लावलेला आहे. सुळका, कडा, घळ, कातळ हे शब्दही तसेच. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'चा वाचक त्यांना परका नाही. मात्र दुर्गभ्रमणाचे लेखन आणि परदेशप्रवासाचे लेखन हे दोन प्रवाह मराठीत वेगळेच वाहत राहिले. गडावर नेढे पाहिलेला माणूसही युटात कमानच पाहतो!

सह्याद्रीचा बेसाल्ट आणि युटाचा वालुकाश्म यांची जात निराळी, असा आक्षेप संभवतो. तो योग्य आहे. पण नेढे हा शब्द आकाराचा आहे, खडकाच्या जातीचा नव्हे. सगळीकडे मराठी प्रतिशब्द सापडेल असेही नाही. ब्राइस कॅन्यनमधील 'हूडू'ला सुळका म्हटले तर त्याची गाठीगाठींची घडण हरवते. तेथे मूळ शब्दच ठेवावा. मॉन्युमेंट व्हॅलीत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ही भूमी नावाहो लोकांची असून १९५८ पासून तेथे त्यांचे उद्यान आहे. तेथील सुळक्यांची इंग्रजी पाट्यांवरील नावे तेवढी उतरवून घेणारा लेख त्या भूमीच्या भाषेला वगळूनच पुढे जातो.

हा शब्दसंकोच उपनगरांतही जाणवतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही सुमारे २०० फूट उंचीची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची टेकडी. रस थंड होऊन आकसताना त्याचे उभे, बहुकोनी स्तंभ झाले. तिची थोरवी सांगताना वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरचा दाखला हमखास दिला जातो, वस्तुतः तो खडक बेसाल्टचा नाही. टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, भोवती खाणकामाने तासलेल्या उभ्या कडा आणि त्यांना भिडलेल्या इमारती आहेत. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. आर्चेसवर पाने खर्ची घालणाऱ्या आपल्या प्रवासलेखनात या स्तंभांचे सविस्तर वर्णन शोधावेच लागते.