स्थिरचित्र आणि आवर्ती गती : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात ‘सिनेमाग्राफ’चा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
छायाचित्र काळाचा एक क्षण थांबवते, तर चलच्चित्र काळ वाहता ठेवते. या दोहोंच्या सीमेवरील चित्रप्रकार म्हणजे ‘सिनेमाग्राफ’ होय. न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार जेमी बेक व दृश्यकलावंत केविन बर्ग यांनी २०११ मध्ये ही संज्ञा प्रचारात आणली. सह्याद्रीच्या कुशीतील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके धबधबे, धुके व गडकिल्ले यांमुळे या प्रकारास सहज अनुकूल वाटतात. ही सहजता कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप व परंपरा :
सिनेमाग्राफसाठी कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून काही सेकंदांचे चित्रण केले जाते. त्यातील एक चौकट स्थिर पार्श्वभूमी म्हणून निवडली जाते आणि मास्कच्या साहाय्याने एखादाच भाग हलता ठेवला जातो. शेवट आरंभाशी बेमालूम जोडला की ती हालचाल अखंड पुनरावृत्त होत राहते. प्रारंभी अशी चित्रे मुख्यतः १९८७ मध्ये आलेल्या ‘जिफ’ या स्वरूपात प्रसृत झाली. त्यात एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. त्यामुळे पावसाळी आभाळाच्या करड्या छटांचे पट्टे पडतात.

स्थिरचित्रात गती आणण्याची ओढ मात्र महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिके’चे प्रयोग सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून व काचा सरकवून हालचालीचा आभास निर्माण केला जाई. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ या लघुपटासाठी वाटाण्याच्या रोपाची चित्रे दीर्घ काळ, ठरावीक अंतराने टिपली. पटवर्धनांची गती कथानकाच्या सेवेत होती, फाळक्यांची निसर्गातील बदलाच्या. सिनेमाग्राफमधील गती कथाही पुढे नेत नाही आणि बदलही दाखवीत नाही; ती केवळ परत येते. म्हणूनच कोणती गती परत आणावी, हा या प्रकारातील कळीचा प्रश्न ठरतो.

भोर-वेल्हे परिसरातील तीन दृश्ये :
राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील मढे घाटाचा धबधबा हे पहिले दृश्य. येथे पाण्याचा प्रवाह मुळातच अखंड असल्याने आवर्तन दृश्याच्या स्वभावाशी जुळते. कडा स्थिर व पाणी चल, ही विभागणी निसर्गानेच केलेली आहे.

दुसरे दृश्य भातलावणीचे. चिखलात वाकलेल्या स्त्रिया स्थिर ठेवून केवळ पाऊस हलता ठेवला, तर राबणारी माणसे देखाव्याचा भाग बनतात. याउलट रोप लावणारा हात हलता ठेवला, तर तेच रोप पुनःपुन्हा लावले जाते आणि खाचर कधीच भरत नाही. श्रम दिसतात, पण त्यांचे फळ नाहीसे होते. पहिल्या पर्यायात माणसाची कृती हरवते, दुसऱ्यात कृतीचा अर्थ. दोन्ही चित्रे मोहक होतील, परंतु दोन्ही अपुरी ठरतील.

तिसरे दृश्य भाटघर धरणाच्या जलाशयाचे. वेळवंडी नदीच्या खोऱ्यातील कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बराच काळ पाण्याखाली असते व उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. मंदिराच्या भिंतीला लागणाऱ्या लाटांचे तीन सेकंदांचे आवर्तन देखणे दिसेल, पण धरणाने त्या खोऱ्याच्या जीवनात आणलेला चढउतार त्यात उमटणार नाही. या स्थळाचे खरे आवर्तन वर्षाचे आहे. एकाच जागेवरून, एकाच कोनातून वर्षभर छायाचित्रे घेऊन ती जोडल्यास पाणी चढेल, मंदिर बुडेल आणि पुन्हा वर येईल. डोंगररेषा स्थिर व जलपातळी चल, अशी ही रचना सिनेमाग्राफच्या तत्त्वात बसते. तिची पद्धती मात्र फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाशी नाते सांगते.

निष्कर्ष :
सिनेमाग्राफचे मूल्यमापन तांत्रिक सफाईवर, म्हणजे जोड न दिसण्यावर, थांबविणे पुरेसे नाही. चित्रातील आवर्तन हे विषयाच्या स्वतःच्या आवर्तनाशी सुसंगत आहे काय, हा निकष त्यास जोडावा लागतो. या निकषावर धबधबा टिकतो, भातलावणी टिकत नाही आणि जलाशय अधिक दीर्घ काळाची मागणी करतो. काय हलते ठेवावे हा निर्णय वरकरणी सौंदर्याचा भासतो. वस्तुतः चित्रातील कोणास काळ द्यावा आणि कोणास नाकारावा, याचाच तो निर्णय असतो. महाविद्यालयांतून छायाचित्रणाचे अध्यापन करताना तंत्राबरोबर हा विवेकही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.