माइक टायसनचे आत्मचरित्र : कबुली आणि जबाबदारी

आत्मचरित्रातील कबुली म्हणजे जबाबदारीचा स्वीकार ठरतो काय, हा प्रश्न मुष्टियोद्धा माइक टायसनच्या ‘अनडिस्प्युटेड ट्रुथ’ (२०१३) या ग्रंथासंदर्भात महत्त्वाचा आहे. लॅरी स्लोमन यांच्या सहकार्याने लिहिलेल्या या आत्मकथनात ब्रुकलिनमधील दारिद्र्य, १९८६ मध्ये विसाव्या वर्षी मिळालेले जागतिक हेवीवेट विजेतेपद आणि नंतरची अधोगती यांचे चित्रण येते. कोकेनचे व्यसन आणि मूत्रचाचणीतील फसवणूक लेखक निःसंकोचपणे मांडतो. १९९७ मध्ये होलीफील्डचा कान चावल्याचेही तो सांगतो. मात्र १९९२ मध्ये इंडियानापोलिस येथे ज्या बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला, तो गुन्हा तो येथेही नाकारतो. म्हणजेच जगाने पाहिलेली हिंसा त्याला मान्य आहे; बंद खोलीतील हिंसा मात्र मान्य नाही. व्यसनाच्या कबुलीत निवेदक स्वतःच बळी ठरतो, त्यामुळे तिला सहानुभूती सहज लाभते. हिंसेच्या कबुलीत बळी दुसरीच व्यक्ती असते आणि निवेदकाला सहानुभूतीवरील हक्क सोडावा लागतो. खडतर बालपण हिंसेची कारणमीमांसा पुरविते, तिचे समर्थन नव्हे. या कसोटीवर प्रस्तुत ग्रंथ अपुरा पडतो, असे म्हणावे लागते.