दहा देखावे आणि तीन दिवस

अलीकडे एक नवा लेखनप्रकार आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या आवडीनें वाचला जातो. आपण त्यास ‘सहलीचा आराखडा’ म्हणूं. अमुक शहर, अमुक दिवस. सकाळीं हें पाहावें, दुपारीं तें खावें, सायंकाळीं अमक्या ठिकाणीं उभें राहून छायाचित्र घ्यावें. हें लेखन उपयुक्त असल्यामुळें तें वाङ्मय म्हणून तपासण्याची कोणास गरज वाटत नाहीं. परंतु उपयुक्त लेखनासही स्वतःची एक दृष्टि असते, आणि वाचकाच्या नकळत ती त्याची होऊन बसते. चीनमधील हांगचौ शहराच्या तीन दिवसांच्या सहलीचें उदाहरण घेऊन ही दृष्टि पारखून पाहण्यासारखी आहे. कारण यादी करून शहर पाहण्याची रीत, त्या रीतीवरील टीका आणि तिच्यावरील उतारा, हीं तिन्ही त्या शहराविषयींच्या वाङ्मयांतच सांपडतात.

शांघायहून वेगवान आगगाडीनें सुमारें तासाभरांत हांगचौ येतें. ११३८ पासून १२७६ पर्यंत ही दक्षिण सुंग घराण्याची राजधानी होती. मार्को पोलोनें ‘किन्से’ म्हणून जिची मुक्तकंठानें स्तुति केली ती हीच नगरी. तिच्या पश्चिमेस असलेल्या सरोवराच्या ‘दहा देखाव्यां’ची यादी सुंगकालीन चित्रकारांनीं आपल्या चित्रांस दिलेल्या नांवांतून तयार झाली. प्रत्येक नांव चार अक्षरांचें. दोन अक्षरें स्थळाचीं, दोन त्या स्थळाच्या एका विशिष्ट अवस्थेचीं. सूच्या बांधावरील वसंतांतली पहाट, मोडक्या पुलावरचें उरलेलें हिम, निश्चल सरोवरावरचा शरदाचा चंद्र, लैफंग मनोऱ्यावरचें मावळतें ऊन, नांपिंग टेकडीची सायंघंटा, अशीं तीं नांवें आहेत.

तीं नीट वाचलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं, यांत नुसतें स्थळ कोठेंच नाहीं. बांध हा देखावा नव्हे. वसंतांतल्या पहाटेचा बांध हा देखावा. अर्थात् ही यादी एका सहलीची नसून वर्षभर त्या सरोवराच्या कांठीं राहणाऱ्या माणसाची आहे. एप्रिलांत जाणाऱ्यास हिम नाहीं, जानेवारींत जाणाऱ्यास कमळ नाहीं. पुढें १६९९ मध्यें कांग्शी बादशहानें हीं नांवें स्वहस्तें लिहिलीं आणि तीं कोरलेल्या शिला जागोजाग उभ्या राहिल्या. येथें यादीचा अर्थ पालटला. काळ गळून गेला, स्थळ तेवढें उरलें. आजचा प्रवासी भर दुपारीं ‘वसंतांतली पहाट’ या शिलेपाशीं उभा राहतो आणि ती पाहून झाली असें समजतो. आराखड्याचा मूळ दोष तो हाच.

या वृत्तीवर कठोर टीका केली ती लू शुन यानें. दहाव्या शतकांत बांधलेला लैफंग मनोरा २५ सप्टेंबर १९२४ रोजीं कोसळला. त्याची वीट घरीं ठेवली तर कल्याण होतें, या समजुतीनें लोक वर्षानुवर्षें विटा काढून नेत होते. आतां दहांपैकीं एक देखावा उणा झाला म्हणून हळहळणाऱ्यांचा समाचार घेतांना लू शुननें १९२५ सालच्या निबंधांत ‘दहा देखाव्यांचा रोग’ असा शब्द योजिला. आपल्या क्षुद्र लाभासाठीं सर्वांचें जें आहे तें थोडेंथोडें पोखरणारी वृत्ति हा त्या निबंधाचा गंभीर विषय आहे. त्याचा प्रहार यथायोग्य आहे. पण तो संख्येवर बसतो, नांवांवर बसत नाहीं. दहांचा हव्यास हा रोग खरा. तथापि मावळत्या उन्हांत मनोरा पाहावा असें सुचविणारा चित्रकार रोगी नव्हता. २००२ मध्यें जुन्या पायाचे अवशेष आंत जपून तेथें नवा मनोरा उभारला गेला. त्यास सरकता जिनाही आहे. लू शुन यावर खचित हंसला असता. परंतु सायंकाळीं पाण्यापलीकडून पाहणाऱ्यासाठीं ऊन मात्र जुनेंच आहे.

उतारा सांपडतो तो चांग ताय याच्या लेखनांत. १५९७ सालीं संपन्न घराण्यांत जन्मलेल्या या गृहस्थाचें सर्वस्व १६४४ मध्यें मिंग राज्याबरोबर गेलें, आणि गेलेले दिवस त्यानें लहान लहान निबंधांत जतन केले. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेवरील निबंधांत तो प्रथम चंद्राचें वर्णन करीत नाहीं; चंद्र पाहावयास आलेल्या पांच प्रकारच्या लोकांचें करतो. कोणी दिव्यांच्या झगमगाटांत गाण्याबजावण्यांत दंग, तर कोणी आपण चंद्र पाहत आहों हें इतरांनीं पाहावें म्हणून आलेले. वेशी मिटण्यापूर्वीं ही गर्दी लगबगीनें परतते, आणि मग चांग ताय व त्याचे मित्र नाव कांठाशीं आणून मोडक्या पुलाच्या पायऱ्यांवर बसतात. १६३२ च्या हिवाळ्यांत तीन दिवस बर्फ पडून सर्वत्र निःशब्द झाल्यावर तो सरोवराच्या मध्यावरील मंडपांत हिम पाहण्यास गेला, तों तेथें दोघे आधींच येऊन बसलेले! त्यानें निराळें स्थळ शोधलें नाहीं; त्यानें वेळ निवडली.

खाण्याचेंही असेंच आहे. लुंगचिंग चहाचीं उत्तम पानें छिंगमिंग सणाच्या आधीं, म्हणजे एप्रिलच्या आरंभापूर्वीं खुडतात. त्या कोवळ्या पानांबरोबर परतलेली कोळंबी ही वसंताची चीज. शरदांत जाणाऱ्यानें तिचा हट्ट धरूं नये. त्या वेळीं ‘क्वेह्वा’ नांवाच्या बारीक सुवासिक फुलांचा बहर असतो, आणि तीं घातलेली कमळकंदाच्या पिठाची खळ गोड लागते. तुंगपो मांसास ज्याचें नांव आहे, तो कवि सू तुंगपो येथें अधिकारी असतांना त्यानें १०९० मध्यें सरोवराचा गाळ उपसून त्याचाच बांध घातला. तो बांध पायीं चालून आलेल्या माणसास मंद आंचेवर शिजलेला हा पदार्थ अधिक समजतो. ‘सुंग वहिनीचें माशांचें सार’ हा तर निर्वासितांचा इतिहास आहे. ११२७ मध्यें उत्तरेची राजधानी खायफंग शत्रूच्या हातीं पडल्यावर दक्षिणेस आलेल्या या बाईचें सार निवृत्त बादशहानें चाखलें व तो गहिंवरला, अशी कथा सांगतात.

मग तीन दिवसांत करावें काय? वसंत असेल तर एक पहाट सूच्या बांधावर. एक सायंकाळ दक्षिण कांठीं. मनोरा आणि नांपिंगची टेकडी जवळजवळ असल्यानें दोन स्थळें एकाच बैठकींत येतात. एक सकाळ लिंगयिन मंदिराकडे द्यावी. तेथील ‘उडून आलेलें शिखर’ आपल्याच देशांतलें म्हणून चौथ्या शतकांत ह्वेइली नांवाच्या भारतीय भिक्षूनें ओळखलें, अशी आख्यायिका आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुटीचा, तो टाळावा. बाकीचा वेळ मोकळा ठेवावा.

इतका खर्च करून, मुलांना व वडीलधाऱ्यांना घेऊन एकदांच जावयाचें, आणि त्यांतही कांहीं राहून जाऊं द्यावयाचें, हें मनास पटणें कठीण आहे. आराखड्यांची सारी लोकप्रियता या धास्तीवर उभी आहे. परंतु घरीं परतल्यावर सात देखावे राहिले असें सांगावें लागलें, तर त्यांत कमीपणा कसला? बर्फ पडल्याखेरीज मोडक्या पुलावरचें हिम हांगचौकरांनाही दिसत नाहीं.