एक चुकणार, एक धरणार

आमच्या बँकेत एकानं चूक करायची आणि दुसऱ्यानं ती धरायची, अशी कामाची सरळ वाटणी आहे. मी व्हाउचर पोस्ट करतो, पलीकडच्या खुर्चीतले साहेब ते तपासून पास करतात. या वाटणीवर वीस वर्षं पगार घेतला, पण तिच्यात काही कला असेल असं आम्हां दोघांनाही कधी वाटलं नाही. ते कळायला मला तोक्योच्या एका शाळेत जाऊन बसावं लागलं.

तोक्योला मी कसा, असं तुम्ही विचाराल. आमच्या साहेबांनीही तेच विचारलं होतं. माझी थोरली बहीण अठरा वर्षं तिथं असते. निशी-कासाई भागात, तिथं तुरीची डाळ मिळते आणि शेजारी मराठी बोलणारं कोणीतरी निघतंच. भाचा तिथल्या हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या हिशेबानं अकरावीत. त्याच्या शाळेचा 'बुन्कासाई' होता. बुन्कासाई म्हणजे आपलं गॅदरिंग. फरक एवढाच, की सगळं मुलं करतात आणि वेळेवर सुरू होतं. एका वर्गात पुठ्ठ्याचं भुताटकीचं घर, दुसऱ्यात कॅफे, आवारात नूडल्स परतल्याचा वास. ते सगळं बघून आम्ही हॉलमध्ये बसलो, कारण भाचा आणि त्याचा मित्र 'मान्झाई' करणार होते.

मान्झाई म्हणजे दोन माणसं आणि एक मायक्रोफोन. त्यातला एक 'बोके'. तो वेड्यासारखं बोलतो. आपल्या बोक्याशी त्याचं काही नातं नाही, पण चेहरा तसाच ठेवायचा असतो, दूध सांडून निर्विकार. दुसरा 'त्सुक्कोमी'. तो चूक धरतो आणि वेळ पडली तर छातीवर उलट्या हाताची चापट देतो. (ही सोय आमच्या साहेबांना नाही, हे आमचं नशीब.) विनोदाच्या मजकुराला ते लोक 'नेता' म्हणतात. "मामा, नेता जुनाच आहे, पण लोक अजून हसतात," असं भाच्यानं गंभीरपणे सांगितलं, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हा प्रकार मूळचा नव्या वर्षी दारोदार जाऊन शुभ चिंतणाऱ्यांचा. आपल्या वासुदेवासारखा, फक्त जोडीनं. एकाच्या हातात छोटा ढोल. १९३०च्या सुमाराला ओसाकात एन्तात्सु आणि आचाको या जोडीनं कोटपँट चढवली आणि दोन शहाणी माणसं बोलावीत तशा नुसत्या गप्पा सुरू केल्या. वासेदा आणि केओ या विद्यापीठांच्या बेसबॉल सामन्यावरची त्यांची बतावणी गाजली. आता 'एम-वन' नावाची स्पर्धा असते. २००१ साली सुरू झाली, बक्षीस एक कोटी येन, अंतिम फेरीत चार मिनिटं. चार मिनिटांत आमच्याकडे पासबुक छापून होत नाही.

२०१९ साली ही स्पर्धा 'मिल्क बॉय' नावाच्या जोडीनं जिंकली. त्यांचा नेता असा : एकाच्या आईला एक न्याहारी फार आवडते, पण तिचं नाव ती विसरली आहे. तो वर्णन सांगतो, दुसरा म्हणतो, ते कॉर्नफ्लेक्सच. तो आणखी एक खूण सांगतो, दुसरा म्हणतो, मग ते कॉर्नफ्लेक्स नव्हेच. हो-नाही, हो-नाही. बस्स, एवढंच. आमच्या कर्जखात्यात हेच रोज चालतं, पण तिथं कोणी हसत नाही.

तर आमच्या जोडीनं सुरुवात केली ती याच कॉर्नफ्लेक्सची हुबेहूब नक्कल करून. आणि इथं मला टीकाकाराचा चष्मा लावणं भाग आहे. ती दोन मिनिटं वाईट होती. पोरं चुकली नाहीत, हाच त्यांचा दोष. हॉलमधल्या प्रत्येकाला नेता पाठ. विनोद यायच्या आधीच हशा यायचा आणि विनोद आला की लोक थकलेले असायचे. त्यात तोक्योची मुलं ओसाकाच्या बोलीत 'नान्देयानेन' म्हणत चापटी मारणार, म्हणजे सदाशिव पेठेतल्या मुलानं मालवणी हेल काढावा तसं. शिवाय घाई. बोलताना मध्ये थांबण्याला त्यांच्याकडे 'मा' असा एकाक्षरी शब्द आहे. भाच्याला शब्द माहीत होता, थांबणं माहीत नव्हतं.

मला हे बोलायचा अधिकार आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी पुलंची कॅसेट पाठ करून म्हटली होती. मध्येच अडलो, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी पुढचं वाक्य सांगितलं, आणि हशा त्यांना मिळाला. खरी नक्कल म्हणून शिक्का मारलेल्या प्रतीवर पैसे मिळत नाहीत, हे मी कॉमर्सला जायच्या आधीच शिकलो.

इथवर ताई माझ्या कानात भाषांतर करत होती. मग भाचा थांबला. (पहिल्यांदाच.) काहीतरी नवं सुरू झालं, आणि ताईचं भाषांतर एकदम बंद पडलं. मी तिच्याकडे बघितलं. ती मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. पुढचं दुसऱ्या बाजूनं भावोजींनी सांगितलं.

भाचा म्हणत होता, "आईनं डब्यात काहीतरी पिवळं दिलंय. नाव आठवत नाही."

"भातावर घालतात?"

"घालतात."

"मग ती करी."

"पण आंबट आहे. गूळही घातलाय."

"मग ती करी नव्हे."

"आई रोज करते."

"मग करीच."

"करी म्हटलं की आई रागावते."

"मग करी नव्हेच!"

इथं थोडं मागचं सांगायला हवं. खालच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण शाळेतूनच मिळायचं. हायस्कूलला डबा न्यायची वेळ आली, आणि पहिल्याच आठवड्यात तो डबा न उघडता परत येऊ लागला. "वास येतो," एवढंच तो म्हणाला. कोणाला येतो, ते सांगितलं नाही. वर्षभर ताईनं सँडविचं दिली. फोनवर ती मला हे सगळं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "जाऊ दे, ब्रेडही चांगला मिळतो इथं."

आणि आता तोच डबा तो भर सभेत उघडत होता. आता सगळी भिस्त त्या मित्रावर. लोकांना वाटतं हशा बोके मिळवतो; तो मिळवतो खरा, पण कोणाला हसायचं ते त्सुक्कोमी ठरवतो. त्या पोरानं नाक जरा मुरडलं असतं, तर तीनशे लोक परक्या मुलाच्या डब्याला हसले असते. तो बेसबॉलच्या संघातला, डोकं भादरलेला, दणकट मुलगा. त्यानं त्या पिवळ्या पदार्थाचा प्रश्न इतका मनावर घेतला, की हॉलमधल्या सगळ्यांनाच तो सोडवावासा वाटू लागला. ओसाकाची बोली त्यानं टाकून दिली होती. साध्या घरच्या भाषेत, कळवळून विचारत होता.

"आठवलं!" भाचा ओरडला. "आमटी!"

सगळ्या जपानी बोलण्यात तो एक शब्द मला भाषांतराशिवाय कळला.

मित्रानं अंगाला पीळ पडेपर्यंत विचार केला. "आणि आमटी म्हणजे काय?"

भाचा थांबला. किती थांबला! हीच ती 'मा'.

"करी."

मित्राचा हात वर गेला आणि हवेतच राहिला. त्यानं प्रेक्षकांकडे बघितलं, मारू का म्हणून. हॉल कोसळला, तेव्हाच चापट बसली.

शेवट मात्र फसला. 'पुरे कर आता' असं त्सुक्कोमीनं म्हणायचं आणि मग दोघांनी वाकायचं, अशी रीत आहे. भाचा आधीच वाकला, आणि मित्र त्याच्या पाठीला 'पुरे कर' म्हणाला. गुण कापावे लागतील.

परतताना गाडीत ताई काही बोलली नाही. भावोजी फोनवर घेतलेलं चित्रण पुन्हापुन्हा लावत होते. निशी-कासाई यायला एक स्टेशन उरलं, तेव्हा तिनं मला विचारलं, "पिवळं म्हणाला ना रे तो?"

"हो."

"पिवळं ते वरण. आमटी लालसर असते. सतरा वर्षांचा घोडा झाला आणि वरणाला आमटी म्हणतो!" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या मित्राला विचार म्हणावं, तिखट चालतं का."