पोलिसाला पर्याय, की पुन्हा गावगाडा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत एक वाक्य वरचेवर कानी पडते: ‘गावातले गावातच मिटवा, पोलीस कशाला?’ उसाचा बागायतदार हे बोलतो, शाळामास्तर बोलतो आणि चौकीचा धसका घेतलेला पारधीही बोलतो. शब्द तेच, पण अर्थ एक नाही. या वाक्याची चिकित्सा म्हणूनच करावी लागते.

पारध्याला पोलीस नको, याला इतिहास आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. त्यातला पोलिसी जाच वाचून पांढरपेशा वाचक हळहळला, पण चोरी झाली की बोट पालाकडेच जात राहिले. बागायतदाराला पोलीस नको, त्याचे कारण वेगळे. गावात त्याचाच शब्द चालतो.

पोलीस नव्हते तेव्हा वेशीवर रात्रभर कोण जागत होते? वेसकर महार. चोराचा माग त्याने काढायचा, मयताचा सांगावा त्याने न्यायचा आणि मोबदल्यात शिळी भाकरी मागायची. गावाचे रक्षण त्याच्याकडे होते, चावडीवर न्यायाला बसण्याचा अधिकार मात्र नव्हता. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. पोलिसांविना सुखी असलेल्या जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब आधी द्यावा.

शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचे, भाऊबंदकीचे वाद समितीत मिटत असतील तर आनंदच आहे. पण बक्षिसासाठी गाव ‘तंटामुक्त’ दिसायला हवे, असे झाले की दलित बाईची फिर्यादच गावाच्या अब्रूवर आलेला तंटा ठरू शकते. अत्याचार हा तंटा नव्हे, गुन्हा आहे. १९८९ चा कायदा त्यासाठीच झाला. जातपंचायतींचा बहिष्कार मोडायलाही २०१६ साली कायदाच करावा लागला.

शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुक येथे २९ डिसेंबर २०१७ रोजी फलकावरून वाद पेटला. चौथ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमा येथे जयस्तंभाला अभिवादन करायला आलेल्यांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. शेजारच्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. तरीही ही आग ना गावकीने आवरली, ना पोलिसांनी. दोघांवरही आंधळा विश्वास ठेवण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

मग पर्याय नकोच काय? हवा, आणि तातडीने हवा. मनाचा तोल गेलेला तरुण, विष घेतलेला शेतकरी, वस्तीवर अडलेली बाळंतीण यांना वर्दीची गरज नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, मानसिक आधाराची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. ती पालापर्यंत, वस्तीपर्यंत पोचते काय, हा खरा प्रश्न आहे. जिथे जातीचा जुलूम आहे तिथे मात्र फिर्याद नोंदलीच पाहिजे आणि ती नोंदविण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच १९८९ च्या कायद्याने जाब विचारला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या समितीला दोन प्रश्न विचारावेत. निवाडा करायला कोण बसले आहे? आणि तो अमान्य असल्यास दाद कुठे मागायची? याची उत्तरे मिळत नसतील, तर तो पोलिसाला पर्याय नव्हे. ती जुनी चावडीच होय.